तीन उद्यानं आणि एकसष्ट टक्के

निसर्ग सगळीकडे असतो, चार्जिंगचा खांब मात्र ठरावीक ठिकाणीच असतो. त्यामुळे निसर्गाचा आस्वाद घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत अशी, की आधी नकाशावर खांब शोधावेत आणि मग त्यांच्या आसपास जो निसर्ग निघेल तो आपला मानावा. नॉर्वेत ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. एखादा धबधबा खांबापासून चाळीस किलोमीटर लांब पडत असेल, तर लोक धबधब्याबद्दल हळहळतात. खांबाला कोणी नावं ठेवत नाही.

लिलेहामरचा आस्गाइर हाउग्ली या पद्धतीचा निष्ठावंत उपासक होता. वय सेहेचाळीस, नोकरी वजनकाटे तपासण्याच्या कार्यालयात. मासळीवाल्याचा काटा तीन ग्रॅमने खोटं बोलू लागला, की आस्गाइरला ते काट्याच्या आधी कळतं, असं त्याचे सहकारी म्हणत. (कौतुकाने म्हणत की कसं, हे त्याने कधी तपासलं नव्हतं.) दोन वर्षांपूर्वी त्याने विजेवरची गाडी घेतली. बॅटरी बासष्ट युनिटची. तेव्हापासून त्याच्या संसारात शंभरपासून शून्यापर्यंतचा एक आकडा राहायला आला आणि घरातल्या इतर माणसांपेक्षा त्याची चौकशी जास्त होऊ लागली.

पण ही गोष्ट गाडीची नाही, किल्लीची आहे.

आस्गाइरच्या सासऱ्याचं, ओद्वारचं, डोंगरावर एक खोपट होतं. (तीन खोल्या, सहा खाटा, एक चूल आणि सरोवराकडे तोंड असलेली ओसरी. इथे याला खोपटच म्हणतात. घर म्हटलं तर शेजारी नाराज होतात.) ओद्वारने अडतीस वर्षं त्या डोंगररस्त्यावर प्रवासी बस चालवली होती. यंदा तो ऐंशीचा झाला आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आपणहून वाहन परवाना परत करून आला. परवाना गेला म्हणजे एकट्याने वर जाणं गेलं, आणि ते गेलं म्हणजे खोपटाची किल्ली दोनपैकी एका जावयाच्या हाती जाणार, हे ओघानेच आलं.

किल्लीवाल्याचे अधिकार कुठे लिहिलेले नसले तरी सर्वांना पाठ असतात. ईस्टरच्या आठवड्यात वर कोण जाणार, हे तो ठरवतो. लाकडं किती फोडायची, छपरावरचा बर्फ कधी ओढायचा, हे तो सांगतो. मुख्य म्हणजे खोपटाच्या वहीत रोजची नोंद तो करतो. मोठा जावई त्रिग्वे एकोणीस वर्षं ईस्टरला वर जात आला होता. आस्गाइर एकोणीस वर्षं ईस्टरनंतरच्या आठवड्यात जात आला होता, जेव्हा बर्फाचा चिखल झालेला असतो. आजवर त्या खोपटात त्याला एकच काम सोपवलं गेलं होतं: बाहेरच्या तापमापकावरचा आकडा वाचून आत येऊन सांगणं. तो दशांशासकट सांगे.

ओद्वारने परीक्षा साधी ठेवली. प्रत्येक जावयाने त्याला आपल्या गाडीतून रोंदाने, दोव्हरे आणि योतुनहाइमेन या तिन्ही राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्याने फिरवून खोपटावर पोचवायचं. त्रिग्वेने ऑगस्टमध्ये आपल्या डिझेल गाडीतून पाच तास दहा मिनिटांत पोचवलं. वाटेत एकदा डिझेल भरलं.

"तूही एकदाच भर," ओद्वारने आस्गाइरला सांगितलं. "आणि गाडी ओढत न्यावी लागली, तर किल्ली त्रिग्वेची."

"ओद्वार, तू मला ओळखतोस," आस्गाइर म्हणाला. (इथे सासऱ्यालाही नावानेच हाक मारतात आणि अरेतुरे करतात. आदर किती आहे, ते वळणावर गाडी किती हळू केली यावरून ओळखायचं.)

"म्हणून तर सांगतोय," ओद्वार म्हणाला.

सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी सात वाजता, बाहेर चार अंश तापमान आणि बॅटरीत शंभर टक्के असताना सहल निघाली. आस्गाइर चालवायला, त्याची बायको सिग्ने शेजारी, ओद्वार मागे. समोरच्या कप्प्याच्या झाकणावर आस्गाइरने नियमावली चिकटवली होती. ती अशी:

१. काचेवर आतल्या बाजूने बर्फ धरू लागल्याशिवाय हीटर लावला जाणार नाही. प्रवाशांनी लोकरीचे आतले कपडे दुहेरी घालावेत.

२. थर्मासमधली कॉफी घरच्या विजेवर तापवलेली असल्यामुळे तिच्यापासून मिळणारी ऊब विनाशुल्क समजावी. मात्र झाकण उघडं ठेवून तिची वाफ काचेवर सोडू नये. काच पुसायला पंखा लागतो.

३. प्रेक्षणीय स्थळी सर्वांनी एकाच वेळी उतरावं आणि एकाच वेळी चढावं. दार एकूण दोनदा उघडेल. 'अहाहा' वगैरे उद्गार दार बंद असताना काढावेत.

४. चढावर ज्यांना चालणं शक्य आहे, त्यांनी चालावं.

चौथ्या कलमाचं सिग्नेने स्पष्टीकरण मागितलं. आस्गाइरने आनंदाने दिलं. गाडी हजार मीटर वर चढवायला नऊ टक्के बॅटरी लागते. त्यात प्रत्येक प्रवाशाचा वाटा वजनाप्रमाणे निघतो. ओद्वार चौऱ्याऐंशी किलो, म्हणजे शून्य दशांश सदतीस टक्के. सिग्ने चौसष्ट किलो, म्हणजे शून्य दशांश अठ्ठावीस.

"लग्नाला एकोणीस वर्षं झाली," सिग्ने मागे वळून बापाला म्हणाली, "आणि आज कळलं, मी पॉइंट अठ्ठावीस टक्के आहे."

"हजार मीटरला," आस्गाइरने दुरुस्त केलं.

"मी जास्त आहे ना तुझ्यापेक्षा?" ओद्वारने विचारलं.

"हो पप्पा. तू सदतीस."

"मग ठीक आहे."

मुख्य रस्त्यावर गाडी ताशी अडुसष्ट किलोमीटरने चालली होती, कारण अडुसष्टच्या वर हवेचा विरोध फार महाग पडतो. रिंगेबू गाव येईतो त्यांच्यामागे सतरा गाड्यांची रांग झाली. इथे हॉर्न वाजवत नाहीत, मनात म्हणतात. रिंगेबूला बॅटरी त्र्याऐंशी टक्के होती. तिथून रस्ता वर वळला आणि रोंदानेच्या पठारावर पोचेपर्यंत सहासष्ट झाली. पठारावर सरकारने मोठ्या वास्तुविशारदांकडून प्रेक्षणीय ओटे बांधून घेतले आहेत. आस्गाइरने त्यांची आधीच प्रतवारी केली होती: रस्त्याला लागून असलेले (अ वर्ग), वळण घेऊन जावं लागणारे (ब वर्ग) आणि उतरून पुन्हा चढावं लागणारे (निसर्गप्रेमाचा अतिरेक). ते अ वर्गाच्या एका ओट्यावर चार मिनिटं थांबले. ओद्वार आणि सिग्ने उतरले. आस्गाइर गाडीत बसून टायरमधली हवा डॅशबोर्डच्या पडद्यावर तपासत राहिला. ओद्वार कठड्याला टेकून बराच वेळ एकाच दिशेला बघत होता. बराच वेळ म्हणजे तीन मिनिटं पन्नास सेकंद.

त्याच सुमारास त्रिग्वेचा पहिला निरोप आला. तो सकाळीच खोपटावर जाऊन बसला होता. म्हणजे पायरीवर बसला होता; किल्ली ओद्वारच्या खिशात होती. निरोप असा होता: 'दोर तयार आहे.'

दोव्हरेच्या माथ्यावर, येर्किनला पोचले तेव्हा बॅटरी एक्केचाळीस टक्के होती. आस्गाइरच्या आराखड्यानुसार ती बरोबर एक्केचाळीसच असायला हवी होती. तो दोन सेकंद काही बोलला नाही. सुखी माणसं बोलत नाहीत. आता इथल्या दोन खांबांपैकी एकावर ऐंशीपर्यंत भरायचं, की पुढचा रस्ता वीस टक्के हाताशी ठेवून पार पडणार होता.

खांबांच्या अलीकडे रांग होती. सर्वांत पुढे एक करडी गाडी, तिच्यामागे आणखी दोन, मग आस्गाइरची. दोन्ही खांब रिकामे होते.

इथे नॉर्वेतल्या संभाषणविषयक रिवाजाची थोडी माहिती आवश्यक आहे. गावात अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. बसच्या थांब्यावर दोन मीटर अंतर ठेवून उभं राहायचं आणि नजर जमिनीवर ठेवायची. समोरच्याच्या टोपीला आग लागली असेल, तर तेवढं कळवता येतं. डोंगरावर मात्र सगळं उलटं. पाऊलवाटेवर समोरून जो येईल त्याला 'हाय हाय' म्हटलंच पाहिजे, वर वारा आहे का ते विचारलंच पाहिजे, आणि जो म्हणत नाही तो परदेशी किंवा दुःखी समजला जातो. कायद्यातली अडचण चार्जिंगच्या खांबापाशी उभी राहते. येर्किनचा खांब समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, म्हणजे डोंगर. पण त्याच्याखाली डांबर आहे, म्हणजे गाव. या मुद्द्यावर अजून कोणी निकाल दिलेला नाही.

त्यामुळे रांगेत कोणी बोललं नाही. दहा मिनिटं गेली. करड्या गाडीतला माणूस जागचा हलला नाही. त्याच्या मागच्या बाईने डबा काढून तपकिरी चीजचा पाव खाल्ला. तिच्या मागच्याने गाडीतलं पायपुसणं झटकलं. वीस मिनिटं झाली. आता आस्गाइरच्या मागेही तीन गाड्या होत्या.

"तो पुढचा करतोय काय?" ओद्वारने विचारलं.

"त्याचा नंबर आहे," आस्गाइर म्हणाला.

"ते दिसतंय. करतोय काय?"

"फोनवर काही जुळवत असेल. चार्जिंगच्या खात्यात शिरायला वेळ लागतो कधीकधी."

"जाऊन विचार ना," सिग्ने म्हणाली.

"विचारलं तर त्याला वाटेल आपल्याला घाई आहे."

"आपल्याला घाई आहेच."

"हो, पण ते त्याला कळता कामा नये."

सिग्नेने डोळे मिटून घेतले. अडतीस मिनिटं झाली. त्रिग्वेचा दुसरा निरोप आला: 'दोर झटकून ठेवलाय. थोडी धूळ होती.' गाडीतलं तापमान सहा अंशांवर उतरलं होतं. आस्गाइरने मनाशी अंदाज बांधला, की करड्या गाडीवाल्याने संध्याकाळपर्यंत खात्यात शिरून दाखवलं तर उशिरा का होईना आपण पोचू.

ओद्वार उतरला. त्याने मागून आपली पाठपिशवी काढली, पाठीवर चढवली, टोपी घातली आणि खांबाच्या मागून वर जाणाऱ्या पाऊलवाटेला लागला. साधारण साठ मीटरवर दगडांचा एक ढीग होता, वाट दाखवायला लाल रंगाची खूण केलेला. त्याने ढिगाला हात लावला, पिशवीचा पट्टा नीट केला आणि वळून खाली आला. आता तो चढून परतणारा माणूस होता. तो थेट करड्या गाडीपाशी गेला.

"हाय हाय," तो म्हणाला. "छान दिवस आहे."

करड्या गाडीवाल्याने लगेच काच खाली केली. दुसरा इलाजच नव्हता. "हाय हाय. वर वारा आहे का?"

"थोडा. चार्जिंग होत नाही वाटतं?"

"चार्जिंग?" तो म्हणाला. "माझी डिझेलची आहे."

ओद्वारने मान डोलावली. "मग थांबलाय कशाला?"

"मी जेवायला थांबलो होतो. मग मागे ही सगळी येऊन उभी राहिली. म्हटलं, पुढे काहीतरी बघण्यासारखं असणार. आता मध्येच रांग सोडून जाणं बरं दिसत नाही."

"बरोबर आहे," ओद्वार म्हणाला. "पण गेलास तरी आम्ही मनाला लावून घेणार नाही."

तो गेला. पुढच्या दोन गाड्या खांबांना लागल्या, आणि पंचवीस मिनिटांनी आस्गाइरचा नंबर आला. तोपर्यंत मागची रांग सात गाड्यांची झाली होती. लोक उतरून उभे होते. आपण खांबाकडे बघत नाही हे स्पष्ट व्हावं म्हणून सगळ्यांनी पाठ केली होती. चौपन्न टक्क्यांवर आस्गाइरची चुळबुळ सुरू झाली.

"ऐंशी ठरलंय ना?" सिग्ने म्हणाली. "अजून पाऊण तास तरी लागेल. बस शांत."

"ती निळ्या स्वेटरवाली घड्याळाकडे बघत नाहीये."

"बरं मग?"

"मुद्दाम बघत नाहीये."

एकसष्टवर त्याने तार काढली. म्हणजे सभ्यतेचा दर त्या दिवशी येर्किनला एकोणीस टक्के होता. एकदाच भरायचं होतं, ते भरून झालं. पुढे दीडशे किलोमीटर रस्ता होता आणि शेवटी एक हजार मीटरचा चढ. आस्गाइरने वहीत गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. उत्तर दोन्ही वेळा शून्याच्या इतकं जवळ आलं, की ते कोणत्या बाजूला आहे, हे पेन्सिलीच्या जाडीवर अवलंबून होतं.

वजनकाट्यांच्या माणसाला संकटात वजनंच सुचतात. येर्किनहून ओत्ता गावापर्यंत रस्ता सातशे मीटर उतरतो. उतारावर विजेची गाडी ब्रेक लावताना बॅटरी भरते, आणि गाडी जेवढी जड तेवढी जास्त भरते. म्हणजेच चढावर जो प्रवासी बोजा असतो, तोच उतारावर इंधन असतो. आस्गाइर गाडीतून उतरला. जवळच्या रेल्वे स्टेशनाबाहेरच्या बाकावर एक डॅनिश जोडपं मोठाल्या पाठपिशव्या घेऊन आगगाडीची वाट बघत बसलं होतं. आस्गाइर प्रथम त्यांच्या मागच्या पाऊलवाटेवर दहा पावलं जाऊन आला.

"हाय हाय. ओत्ताला सोडू का?"

"गाडीला तीन तास आहेत," बाई म्हणाली. "किती चांगला आहेस तू."

"तुमचं वजन किती?"

"कोणाचं?"

"दोघांचं. पिशव्यांसकट."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. "एकशे नव्वद होईल," नवरा म्हणाला. "जास्त होतंय का?"

"अजून काही सामान असेल तरी चालेल," आस्गाइर म्हणाला.

सिग्नेने तोंडावर हात धरला. डॅनिश मंडळी सपाट देशातली. आपल्यात इतकी ऊर्जा साठवलेली आहे हे त्यांना आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. आस्गाइरने सांगितलं. शून्य दशांश छत्तीस टक्के. नवरा बराच वेळ खूश होता. त्याने आपली पाण्याची बाटली मोकळी न करता तशीच मांडीवर धरून ठेवली आणि ओत्ताला उतरताना विचारलं, "आम्ही उपयोगी पडलो का?"

"फार," आस्गाइर म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसला. ओत्ताला बॅटरी पंचेचाळीस टक्के होती. गावातल्या खांबांवर एकही गाडी नव्हती. त्यांच्यासमोरून ते तिघं तोंड वळवून गेले.

पुढे रस्त्याने एका लांब तळ्याला वळसा घातला. तळ्याच्या टोकाला तेहेतीस टक्के झाले. तिथून वाल्द्रेसफ्लिएचा चढ लागला. इथून तिसरं उद्यान, योतुनहाइमेन. सव्वीस. एकवीस. सिग्ने मध्येच म्हणाली, "आस्गाइर, ते बघ," आणि आस्गाइर म्हणाला, "सतरा." ओद्वार मागे काच थोडी खाली करून बसला होता. काच खाली केल्याने हवेचा विरोध वाढतो, हे सासऱ्याला सांगावं की नाही, यावर आस्गाइरने तीन किलोमीटर विचार केला. सांगितलं नाही. त्याची त्याला अर्धा टक्का किंमत पडली असावी.

नऊ टक्क्यांवर रस्त्यात रेनडिअरचा कळप आला.

कळप रस्ता ओलांडत नव्हता, रस्त्यावर उभा होता. पायाखाली डांबर थोडं उबदार असतं म्हणून ते उभे राहतात. कारण योग्यच आहे. इथेही हॉर्न वाजवत नाहीत. आस्गाइरने पडदा सोडून गाडीतलं सगळं बंद केलं आणि मोजायला लागला. पिल्लं धरून दोनशे अठरा. ओद्वार उतरून त्यांच्यात जाऊन उभा राहिला. सिग्नेही गेली. आस्गाइर आत एकटा, दोन्ही हात काखेत धरून, आकड्याकडे बघत बसला. त्याला दोर दिसू लागला. दोराच्या एका टोकाला त्रिग्वेची डिझेल, दुसऱ्या टोकाला आपण, आणि मागच्या सीटवर ऐंशी वर्षांचा ड्रायव्हर, ज्याने अडतीस वर्षांत एकदाही बस ओढत आणू दिली नव्हती. आस्गाइरला खरं म्हणजे ईस्टरचीही एवढी हौस नव्हती. त्याला फक्त एकदा कोणीतरी चुलीपाशी बसून विचारायला हवं होतं, की या हिवाळ्यात लाकडं किती लागतील. त्याचं उत्तर तयार होतं. एकोणीस वर्षं तयार होतं.

अकरा मिनिटांनी कळप हटला. आस्गाइरने काच खाली केली.

"उतरलाच आहात तर माथ्यापर्यंत चालता का? साठ मीटरचीच चढण आहे."

"किती वाचतील?" सिग्नेने विचारलं.

"दोघांचे मिळून शून्य दशांश शून्य चार."

"चल पप्पा," सिग्ने म्हणाली. "आपण दोघं मिळून शून्य आहोत."

ते हसत, थांबत, एकमेकांना काहीतरी दाखवत चढले. त्यांना वीस मिनिटं लागली. आस्गाइर माथ्यावर थांबून राहिला. (नुसतं थांबण्यात त्यांनी वाचवलेल्यापेक्षा जास्त वीज गेली, हे त्याने वहीत प्रामाणिकपणे नोंदवलं आणि पान दुमडून ठेवलं.) माथ्यावर सहा टक्के होते. त्रिग्वेचा तिसरा निरोप आला: 'गाठ कोणती मारू?'

तिथून खाली पंधरा किलोमीटर. आस्गाइरने ते ताशी एक्केचाळीसने, जवळजवळ श्वास न घेता काढले. श्वासाने काचेवर वाफ धरते.

संध्याकाळी पावणेसहा वाजता गाडी खोपटासमोर उभी राहिली, तेव्हा पडद्यावर चार होते. त्रिग्वे पायरीवर बसला होता, खांद्यावर दोर, नाक लाल. सकाळपासून बाहेर बसल्याने त्याला नीट उभं राहता येईना.

"दहा तास पंचेचाळीस मिनिटं," तो घड्याळ बघत म्हणाला. "मी एव्हाना दोनदा जाऊन आलो असतो."

"आला असतास," ओद्वार म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढली, दार उघडलं, आणि किल्ली आस्गाइरच्या हातात ठेवली.

त्रिग्वेने दोर खाली ठेवला. "कळू दे तरी का ते. ऑगस्टमध्ये मी तुला सगळं दाखवलं होतं. एकेक डोंगर नावानिशी."

"हो ना. एक हात चाकावर आणि एक हात बाहेर. दोनदा चाक खडीवर गेलं." ओद्वार बाकावर बसला आणि बूट काढू लागला. "अडतीस वर्षं मी गाडी चालवली. मागे बसलेले लोक अहाहा करत होते, मी रस्ता बघत होतो. ड्रायव्हरने इकडेतिकडे बघायचं नसतं. हा दिवसभर एका आकड्याकडे बघत होता. मला आयुष्यात पहिल्यांदा निवांत बाहेर बघता आलं."

"आणि छप्पर?" त्रिग्वे म्हणाला. "बर्फ? लाकडं?"

"सांग रे," ओद्वार आस्गाइरला म्हणाला. "लाकडं किती लागतील?"

"तीन दशांश चार घनमीटर," आस्गाइर म्हणाला. "ईस्टरला तुमच्या घरचे तुम्ही चौघं आलात तर तीन दशांश नऊ." त्याचा आवाज किंचित कापला, पण ते थंडीमुळेही असू शकेल, खोपटात तेव्हा सात अंश होते.

त्रिग्वेने दोर उचलला. मग म्हणाला, "चौघं म्हणालास ना? ऐकलंय मी," आणि दोराने लाकडाची मोळी बांधायला मागे गेला.

चूल पेटली. सिग्नेने वॉफलचं पीठ कालवायला घेतलं. ओद्वारने फळीवरून वही काढून आस्गाइरपुढे ठेवली. त्याने एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली आखलेले रकाने अजून तेच आहेत: तारीख, हवा, कोण कोण, काय पाहिलं. आस्गाइरने तारीख लिहिली. हवा: चार अंश, दुपारनंतर दोन. कोण कोण: चौघंजण. मग पेन चौथ्या रकान्यावर नेलं आणि तिथे थांबला.

"ओद्वार," तो म्हणाला, "आज काय पाहिलं?"

"मी पाहिलं ते माझं," ओद्वार म्हणाला. "तिथे किल्लीवाल्याने पाहिलेलं लिहितात."

आस्गाइर पाऊण तास त्या रकान्यापुढे बसला. दोनशे अठरा, असं लिहून त्याने खोडलं.

जे वाचक लिलेहामरपासून गाडीत होते, त्यांनी त्याला मदत करायला हरकत नाही. रिंगेबूला किती टक्के होते, येर्किनला तार कितीवर निघाली, हे त्यांना तोंडपाठ असेल. पण ओद्वार कठड्याला टेकून कशाकडे बघत होता, सिग्ने 'ते बघ' म्हणाली ते काय होतं, ज्या लांबच्या लांब तळ्याला वळसा घातला त्याच्या पाण्याचा रंग कोणता होता, हे तिन्ही उद्यानांतून जाताना त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. रेनडिअर समोर उभे होते तेव्हा तर वाचक मनात 'हटा एकदाचे' म्हणत होते. तरीही कोणाला काही आठवलं तर कळवावं. रकाना लहान आहे, एक ओळ पुरे.